घाणेरी तोडली तरी पुन्हा का फुटते? सोलापूरकडच्या बांधांसाठी, माळांसाठी आणि कुंपणांसाठी

प्रश्न नेहमीचाच आहे. बांधावरची किंवा प्लॉटच्या कडेची घाणेरी उन्हाळ्यात कोयत्याने जमिनीलगत तोडली, ढीग करून पेटवून दिली, जागा मोकळी झाली. मृगाचे दोन पाऊस पडले की बुडख्यांना कोंब येतात आणि गणपती येईपर्यंत आधीपेक्षा दाट झुडूप उभे राहते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले एक ओळखीचे शेतकरी मला म्हणाले, "मालक, दरवर्षी तोडतोय आन् दरवर्षी दुप्पट येतंय. ह्याला मरण हाय का नाही?"

मरण आहे, पण घाव मातीच्या खाली दोन-तीन बोटांवर बसला पाहिजे. तो कुठे आणि कधी घालायचा, आणि त्यानंतर त्या जागेचे काय करायचे, एवढे तीन प्रश्न सुटले की काम होते. बहुतेक लोक पहिलाच चुकतात आणि तिसऱ्याचा विचारच करत नाहीत.

आधी खात्री करा, ही घाणेरीच आहे ना

घाणेरी, टणटणी, बागवाल्यांच्या भाषेत लँटाना. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. फुलांच्या हौसेपायी युरोपातल्या बागांत गेली, तिथे माळ्यांनी तिचे संकर केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. हा इतिहास सांगायचे कारण एवढेच की बागेत इतके संकर झाल्यामुळे तिचा एकच एक रंग राहिलेला नाही. पिवळी-गुलाबी, केशरी-लाल, पांढरट-जांभळी, सगळ्या तऱ्हेची फुले दिसतात. काही झुडपे काटेरी असतात, काही जवळजवळ बिनकाट्याची. म्हणून नुसत्या फुलाच्या रंगावरून ठरवू नका.

एक फांदी हातात घ्या. कोवळ्या फांदीला चार कडा लागतील, ती गोल नसते. पाने समोरासमोर जोडीने येतात, कडा करवतीसारख्या दातेरी, आणि वरून बोट फिरवले तर पॉलिशपेपर लागल्यासारखे खरखरीत. पान चुरगळून नाकाशी धरा. तो उग्र दर्प एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चूक होत नाही. फुलांचा गुच्छ बघा. मधली नुकती उमललेली फुले बहुधा पिवळी आणि बाहेरच्या वर्तुळातली, म्हणजे आधी उमललेली, गुलाबी किंवा केशरी झालेली. फळे आधी हिरवी, पिकली की चकचकीत काळी-जांभळी, घोसाने. बुलबुल आणि साळुंक्या ती खातात आणि बिया लांबवर नेऊन टाकतात.

सोलापूरकडे तिच्यासोबत भलतीच झुडपे तोडली जातात, याचे मला फार वाईट वाटते. तरवड हे आपल्या माळाचे झुडूप आहे. त्याची पाने चिंचेसारखी अनेक पात्यांची, फुले मोठी पिवळी, शेंगा चपट्या. ते राहू द्या. निर्गुडीच्या एका देठावर तीन किंवा पाच लांब पाती असतात आणि फुले निळसर. तीही आपलीच. रानतुळशीचे खोड चौकोनी असते आणि वासही येतो, म्हणून गोंधळ होतो, पण तिला काटे नसतात आणि वर्षभरात ती आपोआप वाळते. बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो ड्युरांटा घाणेरीचाच नातलग, पण त्याची फळे पिवळी आणि फुलांचे तुरे लोंबते.

नाल्याच्या आणि कॅनॉलच्या कडेला दिसणारी, मोठ्या फिक्या गुलाबी कर्ण्यासारख्या फुलांची आणि तोडली की चीक येणारी बेशरम हे वेगळे प्रकरण आहे. तिच्या कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो. पुढे दिलेली पद्धत तिला लागू करू नका.

परत आली ती कुठून आली, ते बघा

कुदळ उचलण्याआधी पाच मिनिटे खाली बसून नव्या फुटीकडे नीट बघा. घाणेरी परत येण्याच्या वाटा तीन आहेत आणि प्रत्येकीचा इलाज निराळा.

पहिली वाट बुडख्याची. जाड जुन्या खुंटाभोवती एकाच जागी पाच-सात सरळ कोंब आले असतील तर ती तोडलेल्या झाडाचीच फूट आहे. खुंटाभोवतीची माती खुरप्याने बाजूला करा. खोड जिथे संपते आणि मूळ सुरू होते तिथे एक ओबडधोबड लाकडी गाठ दिसेल, कधी मुठीएवढी, जुन्या झाडाची त्याहून मोठी. जवळून पाहिले तर तिच्यावर मागच्या तोडींचे काळपट वण दिसतात, आणि प्रत्येक वणाच्या कडेने फिक्या हिरव्या रंगाचे बारीक डोळे फुगलेले असतात. काही डोळे अजून मातीच्या आतच असतात. कोयता चालतो तो या गाठीच्या वर. म्हणजे आपण दरवर्षी एक खोड तोडतो आणि त्या जागी पाच कोंबांना वाट करून देतो. गाठीच्या खालचे मूळ मात्र एकदा गाठीपासून तुटले की सहसा पुन्हा झुडूप उभे करू शकत नाही. सगळी मेख इथे आहे.

दुसरी वाट टेकलेल्या फांद्यांची. घाणेरीच्या लांब फांद्या वाकून जमिनीला लागतात आणि ओल मिळाली की पेराशी मुळे सोडतात. मूळ झाड काढले तरी चार-पाच फुटांवर एक नवे रोप दिसते. ते उपटून बघा. खाली आडवी फांदी आणि तिला केसासारखी मुळे असतील तर ही वाट समजा. हे काम सोपे असते, हाताने निघते. फक्त आडवी फांदी मातीत तुटून राहणार नाही एवढे बघा.

तिसरी बियांची. विखुरलेली, एकेकटी, बोटभर उंचीची, सरळ सोटमूळ असलेली रोपे. ती कुठे आहेत ते नीट पाहा. बाभळीखाली, लिंबाखाली, विजेच्या तारांखाली, कुंपणाच्या खांबांच्या ओळीत? मग पक्षी तिथे बसून बिया टाकत आहेत आणि फळे धरणारे झुडूप शेजारीच कुठेतरी आहे. उलट सगळी रोपे नुकत्याच मोकळ्या केलेल्या तुकड्यात दाटीने आली असतील, तर मातीत आधीपासून पडून असलेल्या बियांना ऊन आणि ओल एकदम मिळाली आहे. या बिया काही वर्षे मातीत जिवंत राहतात, म्हणून पहिल्या वर्षीचे यश बघून हुरळून जाऊ नका.

मुळाशी घाव

दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात हीच पद्धत वापरून दाखवली. पूर्ण झाड मुळांसकट खणायचे नाही आणि वरून तोडायचेही नाही. त्या गाठीच्या खाली, मातीत साधारण 3 ते 5 सेंटीमीटरवर, मुख्य मूळ छाटायचे आणि वरचे सगळे झुडूप गाठीसकट उचलून बाजूला काढायचे. माती फारशी उकरली जात नाही, त्यामुळे खालच्या बियाही कमी उघड्या पडतात.

आपल्याकडे यात एक अडचण येते. बांधावर दरवर्षी नांगराची माती चढत राहते, त्यामुळे जुन्या झाडाची गाठ वितभर खाली गेलेली असते. तिथे सेंटीमीटर मोजण्यापेक्षा गाठ शोधा आणि तिच्या खाली घाव घाला. गाठीचा तुकडा मातीत राहिला तर तो फुटणार.

दोन माणसे लागतात. एकाने लांब काठीने किंवा आकड्याने फांद्या वर उचलून धरायच्या, दुसऱ्याने अरुंद पात्याच्या कुदळीने तिरका घाव घालायचा. मुरमाड जागेत आधी पहारीने बाजू सैल करून घ्या. काटे उलटे वाकलेले असतात, ओढताना हात फाटतात, म्हणून जाड हातमोजे हवेतच. आणि झुडपात हात घालण्याआधी काठीने आपटून बघा. आपल्या कोरड्या माळावर फुरसे आणि घोणस दोन्ही आहेत, आणि घाणेरीच्या बुडाशी सावली शोधत ते बसतात. एखाद्या झुडपात पाखराचे घरटे, अंडी किंवा पिल्ले असतील तर ते झुडूप महिनाभर राहू द्या.

काढलेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवा, दगडावर किंवा खडकावर. ओल्या मातीवर आडवे टाकले तर पेरापेराने पुन्हा रुजते. फळे धरली असतील तर तेवढ्या फांद्या आधी कापून पोत्यात भरा. त्या शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका.

आता वेळ. उन्हाळ्यात मजूर मोकळे असतात म्हणून सगळे एप्रिल-मे धरतात. पण त्या दिवसांत काळी जमीन दगडासारखी असते, कुदळ गाठीपर्यंत पोचत नाही, आणि मजूर शेवटी वरूनच तोडून मोकळे होतात. सोलापूरचा पाऊस कसा येतो ते आपल्याला माहीत आहे. जूनमध्ये थोडाफार, मग जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप, आणि खरा जोर सप्टेंबरात. ज्या उघडिपीच्या नावाने आपण बोटे मोडतो, तीच या कामाची उत्तम वेळ. माती मऊ असते, घाव खोल जातो आणि उलटी ठेवलेली झुडपे कडक उन्हात आठ-दहा दिवसांत वाळून जातात. झाड नव्याने फुटलेले असते आणि त्याची बहुतेक फळे अजून पिकलेली नसतात. सप्टेंबरपर्यंत थांबलात तर ज्वारीच्या पेरणीची घाई, माणूस मिळत नाही, आणि तोपर्यंत फळे काळी होऊन पक्ष्यांनी नेलेलीही असतात.

कुठून सुरुवात करायची? दाट जाळीपासून नको. जिथे दहा-वीसच झाडे आहेत तो कोपरा आधी साफ करा आणि तिथून जाळीकडे सरका. दाट जाळीत आठवडा घालवून माणूस थकतो आणि तोवर मोकळी जागाही भरते. नाल्याच्या काठावर मात्र सगळे एकदम काढू नका. पट्ट्यापट्ट्याने काढा, नाहीतर हस्ताच्या पावसात काठ वाहून जाईल. दगडी तालीत रुतलेले झुडूप असेल तर वरचे चार दगड उतरवून गाठ मोकळी करावीच लागते, दुसरा उपाय नाही. वनखात्याच्या किंवा सरकारी जागेत परवानगीशिवाय हात लावू नका.

बाकीचे उपाय करून झाले, तरी उपयोग नाही, असे का

पेटवणे. वरचे जळते, गाठ मातीत सुरक्षित राहते, आणि शेजारचे गवत मात्र मरते. पुढच्या पावसात त्या उघड्या, राखेने भरलेल्या जागेत सर्वांत आधी घाणेरीच येते. हिरवा ढीग पेटवला तर धूरही भयंकर होतो.

जेसीबी. मोठ्या पडीक प्लॉटवर लोक हाच मार्ग धरतात. यंत्राने झाडे निघतात, पण गाठीचे तुकडे होऊन सगळीकडे पसरतात आणि खोलवरच्या बिया वर येतात. घर बांधायचे असेल तर ठीक. जमीन नुसतीच ठेवायची असेल तर पुढच्या ऑक्टोबरात त्या प्लॉटवर एकसारखी घाणेरीची पेरणी केल्यासारखे दिसते.

मीठ, डिझेल, रॉकेल, जुने ऑइल. खुंटावर ओतलेले बघितले आहे. माती नासते, पुढे तिथे गवतही येत नाही आणि ऑइल विहिरीच्या दिशेने जाते ते वेगळेच. अजिबात करू नका.

तणनाशक. ग्लायफोसेटबद्दल फार विचारणा होते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या वापरावर बंधन आणले आणि परवानाधारक कीड नियंत्रण चालकांशिवाय कोणी ते वापरू नये असे ठरवले. म्हणजे त्या आदेशाने दुकानातून आणून आपल्या पंपाने फवारण्याचा मार्ग बंद केला. शिवाय आपल्याकडच्या उन्हात पाणी तोडलेल्या झाडाची पाने अर्धी मिटलेली आणि धुळीने माखलेली असतात. अशा झाडात औषध मुळापर्यंत उतरत नाही, वरची पाने गळतात आणि गाठ पुन्हा फुटते. बांधाला लागून डाळिंब किंवा द्राक्ष असेल तर उडालेल्या तुषारांनी बागेचे होणारे नुकसान घाणेरीच्या त्रासापेक्षा मोठे.

किडे सोडण्याचा उपाय सरकारी पातळीवर होऊन गेला आहे. पाने शोषणारा एक जाळीदार ढेकूण 1941 मध्ये डेहराडूनला आणला होता. तो देशभर पसरला, पाने पिवळी करतो, फुले गळवतो, पण झाड मारत नाही. तुमच्या झुडपाची पाने ठिपक्याठिपक्यांची आणि वाळकी दिसली तर तो असू शकतो. त्याच्या भरवशावर बसू नका.

जनावरे आणि मुले

घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाचे विष असते. ते गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचे यकृत बिघडवते. माहीत असलेली जनावरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. धोका होतो तो टंचाईच्या वर्षी, चारा संपल्यावर, किंवा बाजारातून नवे आणलेले जनावर बांधाला मोकळे सोडल्यावर. तिसरा धोका आपणच तयार करतो: तोडलेल्या हिरव्या फांद्यांचा ढीग गोठ्याजवळ टाकतो आणि रात्री दावे सुटलेले वासरू त्यात तोंड घालते.

जनावर खायचे बंद होते, रवंथ थांबतो, शेण कडक होते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. उन्हात उभे केले की नाकपुडी, कान, कास अशा पांढऱ्या किंवा कमी केसांच्या जागी कातडी लाल होऊन सोलते. पोट थांबल्यामुळे आतला पाला तसाच राहतो आणि विष रक्तात जात राहते, म्हणून "उद्या बघू" चालत नाही. जनावर लगेच गडद सावलीत बांधा, पाणी ठेवा आणि पशुवैद्यकांना बोलवा. काय खाल्ले ते त्यांना स्पष्ट सांगा, शक्य असेल तर फांदीच दाखवा.

मुलांना कच्ची हिरवी फळे तोंडात घालू देऊ नका. पिकलेली काळी फळे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खाल्ली आहेत, पण लहान मुलाला कच्चे-पिके ओळखता येत नाही.

मोकळी झालेली जागा रिकामी ठेवू नका

सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होते आणि माझ्या मते निम्मे यश इथे आहे. घाणेरीच्या रोपाला सुरुवातीला ऊन लागते. गवताने झाकलेल्या जमिनीत ते सहसा टिकत नाही. म्हणून झुडूप काढले त्याच पावसात तिथे मारवेलचे ठोंब लावा, हातभर अंतरावर, किंवा पवन्याचे बी भुरभुरून टाका. वर बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या पसरा, म्हणजे पहिले वर्षभर शेळ्या तोंड घालणार नाहीत. दुसऱ्या वर्षी तुम्हाला तिथून चाराही मिळतो. बांध धरून ठेवायला गवताच्या मुळांइतके चांगले काही नाही.

माळाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. बार्शी रोडवरचे नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झाले ते उघड्या गवताळ माळासाठी. माळढोक, धाविक, चंडोल, काळवीट यांना लांबवर नजर पोचेल असा माळ लागतो. उंच परकी झुडपे तिथे शिरली की माळ संपतो, मग वरून कितीही हिरवे दिसो. घाणेरी काढून त्या जागी सरसकट झाडे लावण्याची जी उत्साही मोहीम पावसाळ्यात निघते, ती माळावर नको. तिथे गवतच हवे.

कुंपण हवे असेल तर सागरगोटा, करवंद, मेंदी, निर्गुडी, अडुळसा आहेत. सागरगोट्याच्या कुंपणातून कुत्रेसुद्धा येत नाही.

शहरातल्या बागा

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठेही फिरा, गेटजवळ कुंडीत किंवा वाफ्यात लँटाना दिसतोच. नर्सरीत ठेंगणा, पिवळा, "याला बी धरत नाही" असे सांगून विकतात. खरे-खोटे स्वतः तपासा. फुले सुकल्यावर महिनाभर गुच्छ काढू नका. हिरवे मणी धरले आणि काळे झाले, तर ती जात बी धरते. तुमच्या गच्चीवरच्या झाडाचे बी साळुंकी शेतावर नेणार. फुले संपताच गुच्छ छाटत राहणे शक्य असेल तर ठेवा, नाहीतर काढा. जमिनीवर पसरणारी, बारीक पानांची, फक्त जांभळ्या फुलांची जात वेगळी आहे, पण तिलाही हीच चाचणी लावा.

"मग फुलपाखरे कुठे जातील?" हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि तो योग्य आहे. घाणेरीच्या फुलात रस असतो, फुलपाखरे येतात. पण त्यांच्या अळ्यांना ती पाने चालत नाहीत. तरवड लावा, त्यावर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. कढीपत्ता किंवा लिंबू लावा, त्यावर लिंबावरचे काळे-पिवळे फुलपाखरू अंडी घालते. कोपऱ्यात रुई आली तर उपटू नका.

पुढे किती वर्षे बघायचे

पहिल्या वर्षी झाडे निघतात, दुसऱ्या वर्षी मातीतले बी उगवते, तिसऱ्या वर्षी पक्ष्यांनी आणलेले. दसरा-दिवाळीच्या दरम्यान, माती अजून ओली असताना, बोटभर-वितभर रोपे सोटमुळासकट हाताने निघतात. ही फेरी चुकवू नका. दुसरी फेरी जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मारा. त्या वेळी आजूबाजूचे गवत वाळलेले असते आणि घाणेरी हिरवी, त्यामुळे लपलेली रोपे लांबूनही दिसतात. पण जमीन तोवर घट्ट झालेली असते, म्हणून खुरपे सोबत ठेवा. झाडांच्या बुंध्याभोवती, तारांखाली आणि खांबांच्या ओळीत आधी बघा, मग उरलेला बांध. शेजाऱ्याच्या बांधावर फळे धरणारी जुनी जाळी असेल तर पुढच्या उघडिपीत दोघे मिळून तीच आधी काढा, मजुरी निम्मी-निम्मी.